अक्कांसाठी जॅकेट

आप्पा कुठलीही वस्तू आधी वाजवून बघतात. मडकं, नारळ, कलिंगड तुम्हीआम्हीही वाजवतो. आप्पा कुकर वाजवतात, फरशी वाजवतात, दाराची चौकट वाजवतात. मधलं बोट दुमडून टक टक करायचं, उजवा कान लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "पास" किंवा "रिजेक्ट". आम्ही राजारामपुरीत त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा आमचं नवंकोरं कपाट टेम्पोतून उतरायच्या आतच त्यांनी रिजेक्ट केलं होतं. बायकोचा त्या कपाटावर अजून विश्वास नाही. त्याला बारा वर्षं झाली, आणि आप्पा मला अजून "पावणं"च म्हणतात.

ही खोड कारखान्यातली. कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत ते तीस वर्षं तपासणी खात्यात होते. साच्यात ओतलेला लोखंडी नग समोर आला की हातोडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत चीर. निवृत्त झाल्यावर हातोडी तिथेच राहिली, बोट घरी आलं.

आता अक्का. अक्का म्हणजे आप्पांची मंडळी. त्यांची भाची मालवणला जाऊन समुद्राच्या तळाशी उतरून आली आणि तिने मोबाइलवर त्याचं चित्रण दाखवलं. निळंशार पाणी, हातापाशी येणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. घर पक्कं लिंगायत, सात पिढ्यांत चुलीवर मासा चढलेला नाही, आणि अक्कांना माशांचं वेड लागलं.

"खायाचं न्हाईत, बगायचं हाईत," त्या म्हणाल्या. "मी जातोय."

आप्पांची ना नव्हती. ते स्वतःही उतरणार होते. पण लहानपणी कोडोलीच्या विहिरीत उड्या मारून त्यांच्या डाव्या कानाचा पडदा फाटलेला. डॉक्टरांनी आत बघितलं आणि समुद्राखाली जायला साफ मनाई केली. म्हणजे अक्का एकट्याच उतरणार. आणि अक्का तर भाजीलासुद्धा एकट्या जात नाहीत, कारण दुधी वाजवायला आप्पा लागतात.

पाण्याखाली जाणाऱ्याच्या अंगात एक जॅकेट असतं. त्याला पाठीमागे हवेची टाकी बांधतात आणि जॅकेटातच एक फुगा असतो. खांद्यावरून लोंबणाऱ्या नळीचं एक बटण दाबलं की फुग्यात हवा भरते, माणूस वर येतो. दुसरं दाबलं की हवा सुटते, माणूस खाली जातो. मालवणची मंडळी हे जॅकेट तिथेच देतात, हे मी आप्पांना सांगून पाहिलं.

"भाड्याचं? त्ये कुनी पास केलंय?" आप्पा म्हणाले. विषय संपला.

त्यांनी पुण्यातल्या एका दुकानाला फोन लावला. पहिला प्रश्न: वाजवून बघता येईल काय? पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, ते कापडाचं असतं." त्यानंतर चार दिवस आप्पा कुणाशी धड बोलले नाहीत. न वाजणाऱ्या वस्तूशी त्यांची आयुष्यात पहिल्यांदाच गाठ पडली होती.

पाचव्या दिवशी ते नव्या दमाने उठले. जॅकेटं दोन जातींची, असं दुकानदाराने सांगितलं होतं. एकात सगळा फुगा पाठीवर, दुसऱ्यात तो दोन्ही बगलांना वळसा घालून पुढे येतो. नवख्या माणसाने दुसरं घ्यावं, असा त्याचा सल्ला. आप्पांना तो अडाणीपणाचा कळस वाटला. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा रिकामा, झाकण पक्कं बसवलेला डबा बांधतात आणि विहिरीत ढकलून देतात. अख्खा जिल्हा असाच पोहायला शिकलाय.

"डबा काय पोटाला बांदत्यात व्हय?" त्यांनी दुकानदाराला विचारलं आणि पाठीवरच्या फुग्याचं जॅकेट तपासणीसाठी मागवलं.

तपासणी कोडोलीला, अक्कांच्या भावाच्या विहिरीवर. तपासणीचा नग मी. माझं वजन नव्वद किलो. मी जरा कुरकुर केली, तर आप्पा म्हणाले, "पावणं, तुमी तरंगला तर ट्रॅक्टरबी तरंगतोय." तोंडाने फुंकून फुंकून जॅकेट टम्म फुगवलं, कमरेला दोर बांधला आणि मला आत सोडलं. तोवर काठावर निम्मं गाव जमलं होतं. कोणी तरी विचारत होतं, "पावणं कुटलं म्हनायचं?" जणू नंतर निरोप धाडायचा होता.

जॅकेट चोख निघालं. त्याने मला तरंगवलं, फक्त पालथं. मी मान वर काढायचो की पाठीवरचा फुगा मला अलगद पुढे ढकलायचा आणि पुन्हा तोंड पाण्यात. काठावरून आप्पा ओरडत होते, "पाय हाना, पाय हाना." मी पाय हाणत होतो. पाय हाणून माणूस पुढे जातो, वर येत नाही. शेवटी आप्पांच्या मेव्हण्यांनी दोर ओढून मला बाहेर काढलं. पोटात बरीचशी विहीर गेली होती.

अक्का काठावरून सगळं बघत होत्या. मग अक्का म्हणाल्या, "अवो, डबा पवनाऱ्याला. त्यो पालथाच असतोय. मला कुटं पवायचंय? मला वर आल्यावर हुबं ऱ्हाऊन दम घ्यायचाय."

आप्पांनी वही काढली आणि लिहिलं: "रिजेक्ट. चूक तपासणाऱ्याची." त्यांनी स्वतःला रिजेक्ट केल्याचं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

दुसरं जॅकेट आलं, बगलेतल्या फुग्याचं. मी पुन्हा विहिरीत. या खेपेला तोंड आभाळाकडे, राजासारखा. गळती बघायला आप्पांनी ते दिवसभर दगड बांधून बुडवून ठेवलं आणि बुडबुडा दिसतोय का म्हणून काठावर बसून राहिले. बुडबुडा आला नाही. शिवण मजबूत, क्लिपा मजबूत. तरी तोंडातून "पास" निघेना. तीन आठवडे ते जॅकेट खुंटीवर लोंबत होतं आणि आप्पा रोज एक नवा टाका तपासत होते. एका सकाळी अक्कांनी ते उतरवलं, साडीवर चढवलं, पट्टे आवळले आणि तसंच भाकरी थापायला बसल्या.

"उद्या मी मालवणला जातोय," पीठ मळता मळता त्या म्हणाल्या. "तुमी येताय न्हवं?"

गाडी चालवायला मी. होडीवरच्या डायव्हरने जॅकेट उलटंसुलटं बघून शाबासकी दिली, आप्पांनी ती ऐकलीच नाही. भाचीचा पंजाबी ड्रेस, त्यावर जॅकेट, डोळ्यांवर मोठी काच, अशा अवतारात अक्कांनी आमच्याकडे एकदा हात हलवला आणि डायव्हरचा दंड धरून त्या खाली गेल्या. पाण्यावर बुडबुडे येत राहिले.

आप्पा त्या बुडबुड्यांवरून नजर हलवेनात. होडी हलली की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मी म्हणालो, जॅकेट चांगलंय, काळजी करू नका.

"जॅकेट कवाच पास झालतं, पावणं," ते म्हणाले. "लोक म्हनत्यात, मी हिला कुटं एकटं सोडत न्हाय. तसं न्हाय त्ये. मलाच एकट्याला ऱ्हायची सवय न्हाय."

बारा वर्षं मी या माणसाच्या नकला करून पाहुण्यांना हसवत आलो होतो, त्याची मला तेव्हा लाज वाटली.

अक्का वर आल्या. तोंडातली श्वासाची नळी काढली, काच कपाळावर सरकवली. जॅकेटाने त्यांना छातीपर्यंत उभं धरलं होतं. त्या हसत होत्या आणि धापा टाकत होत्या, बोलता येत नव्हतं. आप्पांनी त्यांना वर घ्यायला हात पुढे केला. अक्कांनी तो धरला, पण वर आल्या नाहीत. उलट त्यांनीच तो हात खाली ओढला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, सदऱ्याच्या बाहीसकट खांद्यापर्यंत.

"हितनं खाली हाय सगळं," त्या म्हणाल्या. "लई गार हाय न्हवं?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

डायव्हरने विचारलं, काकूंना आता वर घ्यायचं ना? आप्पा होडीच्या काठावरून तसेच ओणवे होते.

"ऱ्हाऊ द्या जरा," ते म्हणाले.