दोन बोटं खाली

भिंगरीच्या थोरल्या आत्याचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. भिंगरी तेव्हा नऊ वर्षांची होती. थैली वाहून वाहून पोस्टमनकाकांचा डावा खांदा उतरला होता. ते गल्लीतून निघाले की भिंगरी दप्तर लटकवून, खांदा पाडून त्यांच्यामागे चालायची आणि पोरं खिदळायची. एकदा तिच्या शिंपी बाबांनी ते दुकानातून पाहिलं.

"काका निवृत्त होतायत. समारंभाच्या कोटाचं माप द्यायला उद्या येतील. ते तू घ्यायचंस," बाबांनी बजावलं. "आणि घरात कुणी खांद्याचा ख जरी काढला, तर माझ्याशी गाठ आहे!"

भिंगरी इतकी धास्तावली की तिने उजवी बाजू तेवढी मोजली. डावीकडे टक लावणं वाईट दिसेल म्हणून तिथेही तेच आकडे लिहून टाकले. वही पाहताच बाबांना चूक कळली. पण विचारायचं म्हणजे खांद्याचा ख आलाच! स्वतःच घातलेला नियम मोडणार कसा? त्यांनी मुकाट्याने कापडाला कात्री लावली.

समारंभाच्या दिवशी सकाळी काकांनी कोट चढवला. डावी बाजू खाली ओघळली, काखेत घड्या पडल्या, बटणं काजांशी जुळेनात.

"छान बसलाय हो," म्हणत आईने आरसा हळूच वळवला.

"बसलाय कुठे वहिनी, लोळतोय! मास्तर, कोट कुणाचा हा?"

"तुमचाच."

"मग माझा खांदा कुठे गेला?"

भिंगरीला रडू फुटलं. "मी तुमची नक्कल करायचे, काका. म्हणून बाबा म्हणाले, खांद्याचं नाव काढायचं नाही."

"ठाऊक आहे. दुकानांच्या काचेत दिसायचीस की! चिडवताना डोळे फाडून बघायचीस, आणि कामाच्या वेळी मान खाली? ये, मोज."

भिंगरीने नाक पुसलं आणि मोजलं. खांदा दोन बोटं खाली होता.

"कापूस भरून सारखा करू?" बाबांनी चाचरत विचारलं.

"छे! तीस वर्षांची कमाई आहे ती. आज चारचौघांत झाकू होय?"

बाबा उसवायला बसले, आईने इस्त्री तापवली. संध्याकाळी काका व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा कोटाला एक चुणी नव्हती. पुढच्या रांगेत बसून भिंगरी त्यांच्याकडे खुशाल टक लावून बघत होती.

काका त्यानंतर सात वर्षांनी, एका मंगळवारी दुपारी वारले. बाबा त्याच्या पुढल्या वर्षी गेले.