पहिला लेख वाईट हवा

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात धाकटीनं लेखनाच्या तासाची फाईल जेवणाच्या टेबलावर उघडली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, आणि तिच्या लक्षात आलं की चार महिन्यांत आपण शिस्तीनं, दर पंधरवड्याला थोडं थोडं, बिघडत गेलो आहोत.

धाकटी चांगली वीस वर्षांची होती. थोरली ताई लग्न होऊन परदेशी गेली, घरात तिच्याहून लहान-मोठं दुसरं भावंड उरलं नाही, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. कॉलेजात तिनं लेखनाचा अभ्यासक्रम घेतला होता. पहिल्या दिवशी लेखनाच्या बाईंनी वर्गाला वीस मिनिटं दिली आणि सांगितलं, "घरातल्या एका वस्तूबद्दल लिहा. मी आत्ता वाचणार नाही, फाईलला लावून ठेवा. शेवटी त्याच वस्तूवर पुन्हा लिहायचं. दोन्ही शेजारी ठेवून मला तुमची प्रगती बघायचीय." शंभरातले साठ गुण या प्रगतीला होते. निदान पंचवीस पडले नाहीत तर विषय पुन्हा, आणि विषय पुन्हा म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा. फाईलमध्ये आलेखाचा एक कागदही होता. प्रत्येक लेख आपल्याला कसा वाटतो त्याप्रमाणे ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. धाकटीनं प्रामाणिकपणे ठिपके जोडले, तेव्हा कुणीतरी जिन्यावरून गडगडत खाली आल्यासारखं चित्र निघालं.

पहिल्या दिवशीचा लेख असा होता: "आई फ्रिजला लाथ मारायची. रागानं नाही, दार बसायचं नाही म्हणून. टाचेच्या उंचीवर पत्रा आत गेला आहे. आता दार आम्ही दोरीनं बांधतो. घरात तीन माणसं आहेत, पण लाथ मारायला कुणी धजत नाही." पुढं आणखी सात-आठ ओळी होत्या. मग घंटा झाली म्हणून लेख संपला होता, आणि घंटा झाली हे फार बरं झालं होतं.

त्यानंतर धाकटी शिकली. बाईंनी वासाबद्दल सांगितलं, तिनं वास घातले. स्पर्शाबद्दल सांगितलं, तिनं स्पर्श घातले. प्रतिमांचा तास झाला त्या आठवड्यात तर तिच्या लेखात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई कागदावर लिहायच्या, "भारी झालंय. उचलत नाही." धाकटीला वाटायचं, भारी म्हणजे चांगलंच. शेवटचा लेख "शीतकपाटाच्या पोलादी मौनात विस्मृतीचं हिम साकळत असताना" असा सुरू व्हायचा आणि पहिला पूर्णविराम अकराव्या ओळीला यायचा. तोवर नेमकं कोण काय करत होतं, हे धाकटीलाही आठवत नसे.

तिनं वर्गातल्या मित्राला फोन केला. त्याला सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण तो दर दोन शब्दांनी थांबायचा.

"माझी अधोगती झालीय," धाकटी म्हणाली. "पहिला लेख चांगला आहे आणि शेवटचा भिकार. नवा लिहायला बसले की तसलंच काहीतरी येतं. उद्या पाच वाजता फाईल द्यायची आहे."

"मग, पहिला, पाड."

"पाड म्हणजे?"

"वाईट कर. बाईंनी, वाचलाय, कुठं? शेवटचा, वर जात नाही, तर पहिला, खाली ने."

बुडत्याला काडीचा आधार. धाकटी कोरा कागद घेऊन बसली. तिला वाटलं होतं, मुद्दाम वाईट लिहायचं म्हणजे डोकं खाजवावं लागेल. पण दहा मिनिटांत हातासरशी होऊन गेलं. "आमच्या घरी एक फ्रिज आहे. फ्रिज थंड असतो, पण माझ्या आईची माया उबदार होती. आई म्हणजे प्रेमाचा अथांग सागर. आई म्हणजे स्वतः जळून दुसऱ्याला प्रकाश देणारी ज्योत. हे माते, तुझ्याविना हे घर म्हणजे चंद्राविना रात्र! तू जिथं असशील तिथून आम्हाला पाहत असशील ना!!!" तिन्ही उद्गारचिन्हं तिनं ठळक केली.

खरी आई ज्योतबीत काही नव्हती. ती तापट होती, बेसूर गुणगुणायची आणि कुणी आजारी पडलं की आधी त्याच्यावर चिडायची. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत बाबांनी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बाबा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर मापं पाठवत, आणि बाबा मागच्या खोलीत दिवसभर प्लॅस्टरचे साचे, मेण आणि दात घेऊन बसत. खोलीत फळीवर ओळीनं बत्तीस-बत्तीस दात हसत असायचे आणि घरातलं मात्र कुणी हसत नसे. आईचा विषय निघाला की बाबा उठून मागच्या खोलीत जात आणि आतून घासण्याचा आवाज येई. म्हणून घरात कुणी विषयच काढत नसे. धाकटीला तर रात्रंदिवस एकच धास्ती असायची, की आपल्या एखाद्या शब्दानं हा माणूस उरलंसुरलं बोलणंही बंद करील. आपले लेख तिनं बाबांच्या नजरेला पडू दिले नव्हते. फाईलमध्ये 'घरच्या वाचकाचा अभिप्राय' असा एक कागद होता, तो ती घरातच राहणाऱ्या आत्याकडून भरून घेणार होती. आत्या वाचत काही नसे, पण सही झोकात करायची.

आता कागद जुना दिसायला हवा होता. चार महिन्यांपूर्वीचा कागद इतका पांढराशुभ्र कसा असेल? धाकटीनं त्याच्यावर थोडा चहा शिंपडला. थोडा म्हणता म्हणता कप कलंडला. बाबा अंघोळीला गेलेले पाहून चिंब झालेला कागद त्यांच्या साचे वाळवायच्या गरम पेटीत तिनं कुणाच्यातरी वरच्या जबड्याशेजारी पसरला, आणि पाच मिनिटांत काढू म्हणून बाहेर आली. तेवढ्यात ताईचा फोन आला. ताईचा फोन म्हणजे तासाभराची निश्चिंती. फोन संपवून ती पळत मागच्या खोलीत गेली, तर पेटीत जबडा होता, कागद नव्हता.

जेवताना बाबा गप्प होते. ते रोजच गप्प असत, पण आज घासही तोंडात जात नव्हता.

"दादा, दात दुखतोय का?" आत्यानं विचारलं.

बाबांनी मान हलवली आणि पानावरून उठून आत गेले. घासण्याचा आवाज आला नाही. तो आवाज न येणं हे धाकटीला जास्त वाईट वाटलं. झालं, आपण या माणसाचं तोंड कायमचं शिवलं, असं म्हणत ती अंथरुणात तळमळत राहिली.

सकाळी ती उठली तर बाबा घरात नव्हते.

"अगं, इस्त्रीचा शर्ट घालून गेलाय," आत्या कुजबुजली. "हातात कसलातरी कागद होता. चौदा महिन्यांत माझा भाऊ पहिल्यांदा स्वतः होऊन उंबऱ्याबाहेर पडलाय. मी मधे बोलले नाही."

अकरा वाजता बाबा परतले. कागद आता प्लॅस्टिकमध्ये बंद झाला होता, चहाच्या डागांसकट. शिवाय त्यांच्या बगलेत वीस प्रती होत्या.

"बाबा, हे काय?"

"नातेवाइकांना देतो," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "डॉक्टरांना एक देऊन आलो. ताईला फोटो पाठवलाय."

धाकटीनं कपाळावर हात मारला, पण आता मारून उपयोग नव्हता. पहिला फोन ताईचा आला. ताई हुंदके देत होती. "चंद्राविना रात्र! अगं, तुला एवढं वाटतं आणि काल तासभर माझ्याशी मोबाईलच्या कव्हरबद्दल बोललीस?" मग मावशीचा आला. मग आईच्या मैत्रिणीचा. मग डॉक्टरांचा.

"बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलाय," डॉक्टर म्हणाले. "पेशंट वाचून रडतायत. एरवी आत आल्यावर रडतात. फार सुंदर लिहिता हो तुम्ही!"

फोन येत होते आणि बाबा ते स्वतः घेत होते. चौदा महिन्यांत ज्यांनी आईचं नाव घेतलं नव्हतं, ते मावशीला सांगत होते, "फ्रिज थंड, पण माया उबदार. कसं नेमकं लिहिलंय बघा." आत्या कोपऱ्यात बसून तिसऱ्यांदा ऐकत होती आणि तिसऱ्यांदा पदर डोळ्यांना लावत होती. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने रक्त आटवून लिहिलेलं कुणी धड वाचलं नव्हतं, आणि दहा मिनिटांत मुद्दाम केलेली घाण गावभर वाटली जात होती. त्यातलं एकही वाक्य आईबद्दल नव्हतं. कुणाच्याही आईला चाललं असतं.

दुपारी तिला राहवलं नाही. फाईलमधून पहिल्या दिवशीचा खरा लेख काढून ती मागच्या खोलीत गेली. बाबा खालच्या जबड्यात एक दाढ बसवत होते.

"बाबा, ते खोटं आहे," ती म्हणाली. "मार्कांसाठी वाईट लिहिलेलं. मुद्दाम. खरं हे आहे."

बाबांनी दाढ खाली ठेवली आणि कागद घेतला. त्यांनी तो एकदा वाचला. मग उलटा करून मागं काही आहे का ते पाहिलं.

"हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "रोज दोरी मीच बांधतो."

"मग हे चांगलं नाही का?"

"चांगलंच असणार. तू म्हणतेस तर. पण हे वाचून मी काय करू, सांग ना? हे दिवसभर डोळ्यांसमोर आहेच. ते दुसरं वाचलं की निदान रडू येतं. आणि रडू येऊन गेलं की बोलता येतं."

इतके तास झाले, इतके नियम शिकवले, पण हे कुणी शिकवलं नव्हतं. धाकटीला रडू आलं आणि स्वतःचाच राग आला, कारण ते खऱ्या लेखासाठी आलं की खोट्यासाठी, हेही तिला कळत नव्हतं.

पण संकट एकटं येत नाही. ती तोंड धुऊन आली तोवर बाबांनी तिच्या फाईलमधला अभिप्रायाचा कागद काढून भरलासुद्धा होता, जाड काळ्या शाईनं, समोर ठेवलेल्या दोन लेखांवरून, आपण आधी वाचलेला तो पहिला आणि नंतर वाचलेला तो शेवटचा असं धरून. "पहिल्या आणि शेवटच्या लेखात काय फरक जाणवला?" या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं: "पहिल्या लेखात फ्रिज थंड आणि माया उबदार आहे. तो फार आवडला. लाथेचा लेख खरा आहे. खरं घरात आहेच. मुलीनं पुढे पहिल्यासारखं लिहावं."

कागद एकच होता. खाडाखोड चालणार नव्हती. साडेचार वाजले होते. बाबा ज्या दोन लेखांबद्दल बोलत होते तेच दोन फाईलला लावणं भाग होतं: प्लॅस्टिकमधला सागर आणि ज्योत हा पहिला, आणि लाथेचा तो शेवटचा. शीतकपाटाचं पोलादी मौन तिनं चुरगळून टोपलीत टाकलं. ठिपके खोडून पुन्हा दिले, आणि पळत जाऊन पाचला दोन मिनिटं असताना फाईल बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं.

"हे असं का केलंय?"

"घरच्यांना जपून ठेवायचं होतं," धाकटी म्हणाली, आणि चार महिन्यांत बाईंना सांगितलेलं हे तिचं सर्वांत खरं वाक्य होतं.

आठवड्यानं निकाल लागला. प्रगतीचे साठपैकी एकोणसाठ. खाली बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं: "पहिल्या लेखाबद्दल न बोललेलं बरं. शेवटचा वाचून थक्क झाले. या अभ्यासक्रमानं माणूस कुठून कुठं जाऊ शकतो! घरच्या वाचकाचं मात्र मनावर घेऊ नये." स्वल्पविराम म्हणाला, "पार्टी, दे." धाकटीनं हो म्हटलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जे शिकायच्या आधीच येत होतं त्याचे तिला मार्क मिळाले होते, आणि शिकून आलं होतं ते टोपलीत गेलं होतं.

संध्याकाळी बाबा तिच्या दाराशी येऊन उभे राहिले. भुवयांत प्लॅस्टर होतं.

"झोपलीस?"

"नाही."

"एक काम होतं." बाबा चौकटीला नख लावत उभे राहिले. "माझ्यावर लिहिशील? तुझ्या आईवर लिहिलंस, तिला काही वाचता आलं नाही. मी आहे तोवर लिही. आणि ते पहिल्या पद्धतीनं बरं का. दुसऱ्या नको."

धाकटी उठून बसली. तिनं बाबांकडे नीट पाहिलं. भुवयांतलं प्लॅस्टर, उजव्या अंगठ्यावर मेणानं भाजल्याचे डाग, चौदा महिन्यांत दोन भोकं आत गेलेला पट्टा. सगळं तिला दिसलं, आणि यातलं काही म्हणजे काही लिहायचं नाही हेही तिला कळलं. तिनं वही ओढली. "माझे बाबा म्हणजे वटवृक्ष," असं लिहिलं आणि थांबली. आईवरचं दहा मिनिटांत झालं होतं. हे करताना तिनं चार कागद फाडले. वटवृक्षाची सावली एका वाक्यात फार दाट झाली, तर एकात पोचेना. दीपस्तंभ आधी घ्यावा की आभाळ, यावर तिनं चांगला पाऊण तास घालवला. एवढ्या काळजीनं तिनं आजवर काहीच लिहिलं नव्हतं.

बाबांनी तो उभ्या उभ्याच वाचला, सावकाश, ओठ हलवत. उद्गारचिन्हांपाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"हे सगळं खोटं आहे ना गं?"

"हो, बाबा."

"असू दे," बाबा म्हणाले. "वीस प्रती काढून आणतो."