बेटावरचा अंगठा

परराष्ट्र खात्यातला साहाय्यक रोज सकाळी चहा पितापिता फोनवरचे सगळे निरोप अंगठ्याचं चिन्ह देऊन हातावेगळे करायचा. वाचत बसलं तर नोकरी कधी करायची? बायको त्याला अंगठेबहाद्दर म्हणायची. आधीचे साहाय्यक निवृत्त झाल्याने खात्याचा अधिकृत नंबरही कालच त्याच्या फोनवर आला होता.

ऑफिसात सचिवबाई दारातच उभ्या होत्या.

"बेट देऊन टाकलंत?"

"कुठलं बेट, मॅडम?"

त्यांनी फोन त्याच्या नाकाखाली धरला. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर शेजारी देशाने लिहिलं होतं, 'दीपगृहाचं बेट आमचंच आहे. आपली हरकत नसावी.' खाली खात्याचा ठसठशीत अंगठा. ज्या खडकापायी दोन पिढ्यांचे मुत्सद्दी भांडून निवृत्त झाले, तो चहाच्या घोटाबरोबर गेला होता.

"मी सगळ्यांनाच देतो, मॅडम."

"काढा तो! बेट गेलं तर तुमची नोकरीही गेली."

त्याने अंगठा काढला. लगेच उत्तर आलं, 'दिलेला शब्द फिरवता? आमची गस्ती बोट निघाली आहे.'

"अहो, परत लावा!"

लावला. तोच मंत्र्यांचा फोन. "एकच बेट दोनदा दिलंत?"

आता लावावा की काढावा? घाबरून त्याने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. पलीकडून विचारणा झाली, 'ही शरणागती समजावी काय?'

सचिवबाई खुर्चीत कोसळल्या. साहाय्यकाने टेबलावरच्या जुन्या फोनवरून थेट पलीकडच्या साहाय्यकाला गाठलं.

"काय चालवलंय तुम्ही?" पलीकडचा साहाय्यक कुजबुजला. "दर सोमवारी आम्ही दावा करतो, तुम्ही तीव्र निषेध करता. आज अंगठा आला, तर इथे कुणालाच काही कळेना! बेट घेऊन करायचं काय? तो दिवा कोण दुरुस्त करणार? निषेध पाठवा लवकर, माझीही नोकरी जायची!"

साहाय्यकाने तीव्र निषेध पाठवला. पलीकडून अंगठा आला. बोट माघारी फिरली.

संध्याकाळी तो घरी पोचला, तर दारात बॅगांची रांग आणि सोफ्यावर मेहुणा.

"दादाची इकडे बदली झालीय, वर्षभर आपल्याकडेच राहील," बायको म्हणाली. "सकाळी विचारलं होतं ना? लगेच अंगठा दिलात. मला तर भरूनच आलं हो."

निषेध ओठांपर्यंत आला. पण शब्द फिरवला की काय होतं, हे त्याने आजच पाहिलं होतं. त्याने सगळ्यात जड बॅग उचलली.

"या दादा," तो म्हणाला, "खोली दाखवतो."