दिगूअण्णांच्या घरातला हमरस्ता

दिगूअण्णांच्या घरातून रस्ता जायचा. वाढवून सांगत नाही. सकाळी दूधवाला पुढच्या दारानं शिरून मागच्या दारानं निघायचा. दुपारी शाळेची पोरं, संध्याकाळी एखादी शेळी.

उस्मानाबादेत आमचं घर त्यांना लागून. निजामाच्या काळात तुळजापूरचा रस्ता वेशीतून अण्णांच्या पुढच्या दारावरून जायचा. विलीनीकरणानंतर एस.टी. आली, ती वेशीत वळेना. मग नवा रस्ता अण्णांच्या परसामागून काढला. अण्णांनी लगेच मागची भिंत फोडून तिथंही दार बसवलं. पुढचं मात्र बंद केलं नाही. दोन्ही दारं सताड उघडी, मग गाव वळसा कशाला घालतंय?

अण्णा पूर्वी कचेरीत पेशकार होते. मधल्या खोलीत बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे. "बसा, तफसीलवार सांगतो." की सुरू झाली रस्त्याची कुळकथा. वेशीपासून ओढ्यापर्यंत एवढासा रस्ता, पण अण्णांना दिवसभर पुरायचा. "हा रस्ता घरबसल्या तीन राज्यं हिंडला. हैदराबादेत होता, मुंबईत गेला, आता महाराष्ट्रात आहे. तुम्ही सोलापूर तरी पाहिलंय का?" ऐकणाऱ्यांच्या गाड्या चुकायच्या.

एकाच माणसाला अण्णा अडवत नसत. थोरली बहीण, गोदाक्का. ती समोरच, जुन्या रस्त्यापलीकडं एकटी राहायची. आईच्या घंगाळावरून दोघांत अबोला झाला तो वर्षानुवर्षं टिकला. अक्का रोज पिशवी घेऊन यायची आणि मान फिरवून बाजेजवळून मागच्या दारानं स्टँडवर जायची. अण्णा आढ्याकडं बघायचे. मला वाटायचं, काय निगरगट्ट बाई! बोलायला नको, पण वाट पाहिजे.

एक दिवस अण्णांच्या बायकोचा, राधाकाकूंचा, तांब्या चोरीला गेला. "घर आहे का धर्मशाळा? पुढचं दार चिणून टाका!" अण्णांनी पुष्कळ आदळआपट केली, पण काकूंनी गवंडी आणलाच. मी बघायला गेले. दुसऱ्याच्या घरचं भांडण मला आवडतं.

भिंत गुडघ्याएवढी झाली आणि अक्का पिशवी घेऊन हजर.

अण्णा गवंड्याला म्हणाले, "सांग त्यांना, इथून वाट बंद झाली."

अक्का गवंड्याला म्हणाली, "सांग त्यांना, मला इथून स्टँड जवळ पडतं."

गवंडी भाबडा. "न्हाय की अक्का. तुमच्या घराला लागूनच बोळ हाय, त्यो थेट स्टँडात निघतोय. हितनं लई लांब पडतंय."

 अक्का पिशवीचा बंद ओढत उभी राहिली. पिशवी रिकामी होती. जाताना रिकामी, येतानाही रिकामीच असायची, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

राधाकाकू म्हणाल्या, "विटा काढ रे."

"आत्ता तर लावल्या, काकू!"

"काढ म्हटलं ना. वन्सं, आत या. चहा टाकते."

अक्का बाजेच्या कडेला टेकली. अण्णा खाकरले आणि गवंड्याकडं तोंड करून म्हणाले, "बस. तफसीलवार सांगतो." वेशीपासून सुरुवात केली. लहानपणी याच वेशीतून अक्कानं त्यांना कडेवर घेऊन हिंडवलं होतं. तरी ती गुमान ऐकत बसली. रस्ता ओढ्यापाशी संपला, तेव्हा गवंड्याला म्हणाली,

"सांग त्यांना, ओढ्यावरची चिंच राहिली."