साळिंदराची गाडी आणि बारमाही टायर

एका जंगलात, म्हणजे आपल्याच जंगलात, एक मूर्ख साळिंदर राहत होतं. मुलांनो, इकडंतिकडं शोधू नका. ते साळिंदर मीच.

जवळ या. इतकं जवळ नको, काटे लागतील. हां, तिथंच बसा. आणि ए, शेवटचं पिल्लू, कान गोष्ट संपल्यावर खाजव. मला मध्येच थांबवलं की मी चिडतो, आणि मी चिडलो की काय होतं ते आज कळेलच तुम्हाला.

तर या साळिंदराला एक स्पोर्ट्‌स कार मिळाली. कशी मिळाली ते विचारू नका. तुमच्या काकूनं विचारलं होतं, तिलाही मी अजून नीट सांगितलेलं नाही. लाल, बुटकी, दोनच दारांची गाडी. आपल्या जंगलात सरळ रस्ता म्हणजे करवंदीच्या जाळीपासून ओढ्यापर्यंतचा. त्यातही अस्वलांनी मुळं उकरून खड्डे पाडलेले. त्या रस्त्यावर ही गाडी रानडुकराच्याही पुढं गेली नसती. पण मला वाऱ्याशी शर्यत लावायची होती.

गाडीचा सगळ्यात जास्त आनंद आप्पांना झाला. आप्पा म्हणजे माझे वडील. घाटापलीकडच्या रानात त्यांची थोरली बहीण राहायची, बगूआत्या. ती अंथरुणाला खिळली होती. एकदा भावाला बघू दे, असा निरोप तिनं पाठवला होता. आप्पांचे गुडघे पार गेलेले. तरी ते काठी घेऊन निघाले होते. मीच अडवलं.

"आप्पा, आता चालायचं नाही," मी म्हणालो. "आत्याकडं मी तुम्हाला गाडीतून नेणार. ऐटीत."

आप्पांनी काठी बिळाच्या तोंडाशी टेकवून ठेवली. पोरगा नेणार म्हटल्यावर त्यांना किती बरं वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेव्हा पळस फुलला होता.

गाडीचे टायर मात्र झिजून गुळगुळीत झाले होते. त्यांच्यावर घाट पार झाला असता का? सावकाश गेलं असतं तर झाला असता. त्याच टायरांवर गाडी घाट उतरून आपल्याकडं आली होती. पण एवढ्या देखण्या गाडीला असले टायर बघून मलाच लाज वाटायला लागली. मी आधी ते चारही काढले आणि वानरांच्या पोरांना झोके बांधायला देऊन टाकले. गाडी दगडांवर उभी केली. नवीन टायर कोणते घ्यायचे ते मग ठरवू म्हटलं. अक्कल वाटत होते तेव्हा मी बहुधा कुठंतरी कंद खणत होतो.

ओढ्याकाठी घोरपडबाईंचं टायरचं दुकान होतं. पकडीच्या बाबतीत त्यांच्या घराण्याचं नाव मोठं.

"दोन प्रकार आहेत," बाई म्हणाल्या. "उन्हाळी आणि बारमाही. उन्हाळीचं रबर चिकट. वळणावर रस्ता सोडत नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र ते ताठ होतं, मग पकड राहत नाही. बारमाही सगळ्या दिवसांत चालतात, पण वळणावर रस्ता तेवढा घट्ट धरत नाहीत."

"आणि पावसात?"

"उन्हाळी पावसातही चालतात. पाणी चांगलं कापतात."

"मग त्यांना उन्हाळी का म्हणतात?"

"नाव मी ठेवलेलं नाही. कोणते देऊ?"

आता सांगा, आपल्याकडं कडाक्याची थंडी पडते कुठं? पडलीच तर आपण बिळाबाहेर येतो कुठं? उन्हाळी घ्यायचे, बसवायचे, आप्पांना घेऊन निघायचं. हे गोगलगाईलाही सुचलं असतं. मी बाईंना म्हणालो, "विचार करून सांगतो."

आपल्या जंगलात एक रीत आहे. मोठी वस्तू घ्यायची तर चार जणांना विचारून घ्यायची. ज्यांना त्यातलं कळतं त्यांनाच विचारावं, असं रीतीत कुठंही म्हटलेलं नाही. म्हणून मी मुंगूसभाऊंना विचारलं. त्यांच्याकडं गाडी नव्हती, मतं होती.

"बारमाही घे," मुंगूसभाऊ म्हणाले. "उद्या थंडी पडली तर?"

"इथं?"

"इथं नाही रे. पण उद्या तू हिमालयात गेलास तर?"

मला हिमालयात जायचं नव्हतं. मला घाटापलीकडं जायचं होतं. पण त्यांनी हिमालय म्हटलं आणि मला मी बर्फात गाडी चालवताना दिसायला लागलो. गळ्यात मफलर. दिसत होतो बरा.

दुसऱ्या दिवशी मी बारमाही आणायला निघालो. वाटेत मुंगूसभाऊच भेटले.

"बारमाही?" त्यांनी नाक मुरडलं. "स्पोर्ट्‌स कारला? वाघाला भेंडीची भाजी वाढशील का?"

"अहो, काल तुम्हीच म्हणालात ना."

"काल मी थंडीबद्दल बोलत होतो. आज इभ्रतीबद्दल बोलतोय."

मी अर्ध्या वाटेतून परत आलो.

करवंदं पिकली. जांभळं पिकून, गळून, संपून गेली. मी रोज संध्याकाळी दगडांवरच्या गाडीत जाऊन बसायचो. पुढं वाकून बसायचो, कारण मी टेकून बसलो की सीट फाटते. स्टिअरिंग फिरवायचो आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचो. वळण आलं की अंग कलतं करायचो. उन्हाळी टायर वळणावर कसे वाजतील आणि बारमाही कसे, हे दोन्ही आवाज मला वेगवेगळे काढता यायचे. गाडी मात्र होती तिथंच होती.

रोज सकाळी आप्पा आंघोळ करून गाडीपाशी येऊन उभे राहायचे. हातात आत्यासाठी मधाचं मडकं.

"आज जमेल का रे?"

"आप्पा, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे," मी म्हणायचो. "घाटात पकड लागते. वाट्टेल ते टायर घालून चालणार नाही."

"बरं. तुला कळतं त्यातलं," आप्पा म्हणायचे आणि मडकं परत सावलीत नेऊन ठेवायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण वडिलांनी तसं म्हटलेलं ऐकायला फार गोड वाटायचं, म्हणून मी गप्प बसायचो.

तुमची काकू, शेवंता, एक दिवस वैतागली.

"मामंजी रोज वाट बघून थकलेत. आणा की कुठलेतरी."

"कुठलेतरी? शेवंता, टायर आहेत ते, भाजी नाही."

"भाजी निदान घरात तरी येते," ती म्हणाली.

मग एका सकाळी कावळा निरोप घेऊन आला. बगूआत्या आता पाणीसुद्धा घेत नाही. यायचं असेल तर आजच या.

मी धावत घोरपडबाईंकडं गेलो. कोणते देऊ म्हणाल्या, तर म्हटलं, हाताला लागतील ते द्या. हाताला उन्हाळी लागले. आम्ही ते ढकलत आणले, बसवले, गाडी दगडांवरून खाली उतरवली. आप्पा अंगरखा घालून तयार. त्यांचा एक हात दाराला लागलेला होता. बसायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मुंगूसभाऊ आले. गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचा टायर पायानं दाबून बघितला.

"उन्हाळी घेतलेस?" ते म्हणाले. "अरेरे."

एवढंच म्हणाले. पण ते अरेरे माझ्या डोक्यात गेलं. आता तुम्हाला आपल्या जातीचा स्वभाव ठाऊक आहे. आपण चिडलो की काटे उभे राहतात, आपण शत्रूकडं पाठ करतो आणि मागं मागं धावत त्याच्यावर जातो. मी तसाच गेलो. मुंगूसभाऊ चपळ, ते बाजूला झाले. त्यांच्या मागं गाडी होती.

पुढचा टायर फुस्स झाला तो रागानं. मागचा फुस्स झाला तो, पुढचा खरंच गेला का, ते बघायला मी वळलो तेव्हा.

आप्पांनी दारावरचा हात काढला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं. त्यांनी काठी घेतली. शेवंतानं मधाचं मडकं उचललं आणि ती त्यांच्याबरोबर निघाली.

"तुम्ही व्हा पुढं," मी मागून ओरडलो. "पंक्चर काढून आलोच. घाटाच्या पायथ्याशी गाठतो तुम्हाला."

घोरपडबाईंनी टायर उलटसुलट करून बघितले. "बाजूला भोकं पडलीत. इथलं पंक्चर निघत नाही. दोन नवे घ्यावे लागतील. उन्हाळीच ना?"

मुलांनो, आप्पा तिकडं त्या गुडघ्यांवर घाट चढत होते. शेवंता त्यांना हात देत होती. मला हो एवढंच म्हणायचं होतं.

"नाही म्हणजे," मी म्हणालो, "आता घ्यायचेच आहेत तर चारही बदलून बारमाही घातले तर कसं?"

बाईंनी मला दोन्हींतला फरक परत समजावला. मी परत विचार केला. चार जणांनाही विचारलं. शेवटी उन्हाळीच घेतले आणि निघालो, तोवर आप्पांना जाऊन कितीतरी दिवस झाले होते.

खोटं कशाला बोलू, घाट चढताना मला मजा आली. गाडी वळणं अशी घेत होती की मी स्वतःशीच हसत होतो. माथ्याच्या अलीकडं आप्पा आणि शेवंता समोरून उतरताना दिसले. मी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली.

"बघितलंत आप्पा? जरासुद्धा घसरली नाही."

आप्पा रस्त्याकडेला टेकले.

"बगू गेली," ते म्हणाले. "मी पोचलो तेव्हा शुद्धीवर होती. मी बोटानं मध चाटवला. म्हणाली, माझ्यासाठी चालत आलास? तेवढं बोलली आणि मग रात्रभर माझा हात धरून होती."

मी खाली उतरून दार उघडलं.

"आप्पा, बसा. पाय बघा केवढे सुजलेत."

"आता कशाला?" आप्पा म्हणाले. "तिथं तर जाऊन आलो."

ते काठी टेकत उतार उतरायला लागले. शेवंता माझ्याकडं न बघता त्यांच्यामागं गेली. मी गाडी वळवली आणि घरापर्यंत त्यांच्या मागून, त्यांच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये आणली. वाटभर मला रडू येत होतं. टायरांनी एकाही वळणावर रस्ता सोडला नाही. त्या वेगाला दगडसुद्धा घसरला नसता.

तात्पर्य: टायर नेहमी पूर्ण विचार करून, चार जणांना विचारूनच घ्यावेत. जे विचार न करता निघतात ते वेळेवर पोचतात, आणि मग उन्हाळी व बारमाही यांतला फरक त्यांना जन्मभर कळत नाही. मला तो तोंडपाठ आहे.