भालेराव सरांच्या गाळलेल्या जागा

भालेराव सर पूर्ण वाक्य बोलत नसत. जिभेत काही दोष नव्हता, आवाज तर स्टेशनापर्यंत जाईल असा खणखणीत. पण वाक्यातला नेमका एक शब्द ते गाळत आणि भुवई वर करून तुमच्याकडे बघत उभे राहत. तो शब्द तुम्ही भरायचा.

"वहिनी, आज नळाला ——"

मी कमरेवर रिकामी बादली घेऊन उभी, आधीच डोकं फिरलेलं. "पाणी नाही आलं, सर!"

"शाब्बास! कशावरून ओळखलंत?"

आता यात ओळखायचं काय? पण सरांना तेही हवंच असे. "नळ आहे, बादली रिकामी आहे, तुमचा चेहरा असा झालाय. शब्दाला एकट्याला विचारू नये, वहिनी. त्याच्या शेजाऱ्यांना विचारावं." मग स्वतःवरच खूश होऊन ते निघून जात. पाणी काही येत नसे.

आमची चाळ अंबरनाथ पश्चिमेला. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सर एका कारखान्यात टाइमकीपर होते आणि संध्याकाळी गॅलरीत सतरंज्या टाकून चौथीच्या मुलांचा शिष्यवृत्तीचा वर्ग घेत. विषय एकच, गाळलेल्या जागा भरा. गणितबिणित मुलांनी आपलं आपण बघावं. वर्गात शब्दकोशाला बंदी. आमच्या सुजातानं एकदा नेला, तर सरांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून, आजूबाजूला बघत माझ्या हातात दिला. पोरीच्या दप्तरात विड्या सापडल्यासारखा चेहरा!

गुण देताना तर हा माणूस कसाई. 'तवा तापला म्हणून आई भराभर —— लाटू लागली' यात सुजातानं 'पापड' लिहिलं. शून्य. मी भांडायला गेले. म्हटलं, आमच्याकडे पापड तव्यावरच भाजतात.

"भाजा ना. पण तवा तापलाय, आई भराभर लाटतेय. घाई दिसते की नाही? पापडाला कोण घाई करतं? पोळी!"

"अर्धा गुण तरी द्या."

"अर्धा शब्द असतो का?"

मी तणतणत परत आले. मग पोळ्या लाटताना लक्षात आलं की म्हणणं बरोबर होतं, आणि आणखीच राग आला.

स्वतःच्या या विद्येवर त्यांचा फार भरवसा. एकदा पाटलांच्या दारात गाद्या, पेट्या, भांडी, सगळा संसार बाहेर काढलेला त्यांनी पाहिला. त्या दिवसांत चाळीतलं एकेक घर बदलापूरला खरवईकडे ब्लॉक घेऊन चाललं होतं. सरांनी मागचंपुढचं जोडलं, हार आणला, आणि पाटलांच्या गळ्यात घालून निरोपाचं भाषण सुरू केलं. पाटीलकाकू रडायलाही लागल्या. पाटील बिचारे हारासकट म्हणाले, "सर, आम्ही कुठं नाय चाललो. ढेकूण झालेत, औषध मारतोय."

"संदर्भ बरोबरच होता," सर नंतर मला म्हणाले. "ढेकूण अभ्यासक्रमाबाहेरचे."

पँटचं कापड घ्यायला ते आमच्या ह्यांच्याबरोबर उल्हासनगरला, कॅम्प पाचला गेले. तिथेही तेच. "शेठ, जरा —— कपडा दिखाव." सिंधी शेठनं सरांचा इस्त्रीचा शर्ट पाहिला, खिशातलं पेन पाहिलं. "समझ गया साईं, ऊंचावाला!" आणि दुकानातलं सगळ्यात महाग कापड पुढ्यात उलगडलं. सरांना टिकाऊ हवं होतं. पण शेठनं शेजारीपाजारी बघून उत्तर दिलं, याचाच त्यांना इतका आनंद झाला की ते घेऊनच आले.

"त्यानं संदर्भ नाय बघितला, गिऱ्हाईक बघितलं," शालूताई म्हणाल्या.

शालूताई म्हणजे सरांच्या पत्नी. सरांच्या जागा भरायला त्यांना तांदूळ निवडताना मानसुद्धा वर करावी लागत नसे.

"शालू, माझा तो ——"

"खुंटीवर."

शब्द नाहीच, थेट ठिकाण. सरांना फार आवडायचं ते. चेहऱ्यावर दिसायचं.

त्याच शालूताईंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण शब्द जागचे हलले. मीठ हवं असलं की 'छत्री' म्हणायच्या. माझ्याकडे बघून एकदा 'पोस्टमन' म्हणाल्या. आम्ही हसायचो नाही, पण त्यांना आपलं चुकलेलं कळायचं. पुढे त्यांनी बोलणंच सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलत्या ठेवा, नाहीतर आहे तेही जाईल.

सरांनी वर्ग बंद केला. आणि ते पूर्ण वाक्यं बोलू लागले. "वहिनी, आज नळाला पाणी आले नाही." ऐकवत नसे. शेवटी एकदा मी विचारलंच, ताई काही बोलतात का?

"नाही," सर म्हणाले. "चुकेल म्हणून भिते. माझ्याच गॅलरीत इतकी वर्षं बसली ना ती. चूक म्हणजे शून्य, हेच ऐकलंय तिनं." खणखणीत आवाजाचा हा माणूस इतकं हळू बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

थोड्या दिवसांनी सरांनी मुलांना परत बोलावलं. सतरंज्या पडल्या. या वेळी दाराजवळ शालूताईंची खुर्ची होती. सरांनी फळ्यावर लिहिलं: 'ताईने वेणीत —— माळला.'

सगळ्या मुलांचे हात वर.

"हात खाली. शालू, तू सांग."

मी माझ्या दारातून बघत होते. शालूताईंचे ओठ हलले, थांबले. मुलं चुळबुळ करू लागली. सर काही हलले नाहीत, भुवई वर करून उभेच. बऱ्याच वेळानं शालूताई म्हणाल्या, "कंदील."

मुलं फिसकन हसली. शालूताईंनी मान खाली घातली.

सरांनी डस्टर घेतलं. 'वेणीत' पुसलं, 'माळला' पुसलं. मग सावकाश, वळणदार अक्षरात नवं वाक्य लिहिलं: 'ताईने दारात कंदील लावला.'

"बरोबर. पूर्ण गुण."

आमची सुजाता कशी गप्प बसेल? "पण सर, मघाशी गजरा होता!"

"मघाशी माझं वाक्य चुकलं होतं," सर म्हणाले.

त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं, जागा सोडली आणि पुन्हा शालूताईंकडे बघत उभे राहिले. शालूताईंनी मान वर केली आणि दुसरा शब्द सांगितला. तोही चुकीचा. पण या वेळी जरा मोठ्यानं. सरांनी हातात डस्टर घेतलं. शालूताई बोलत राहिल्या, आणि सर वाक्यं बदलत राहिले.