इंगळेकाकांचा ठिपका

रविवारी सकाळी पावणेसहाला माझ्या फोनवर एक निरोप येतो. लिहिलेला नसतो, बोललेला असतो. आवाज खणखणीत, नाकातून थोडा जास्त.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. अमरावतीहून परतवाडामार्गे मोथ्याला जाणारे इंगळे फलाट क्रमांक एकवरून सुटत आहेत."

हा फलाट क्रमांक एक म्हणजे आमच्या राजापेठेतल्या गल्लीतल्या शेवटच्या घराची पायरी. माझ्या पलंगापासून ती वीस पावलांवर आहे. खिडकी उघडून हाक मारली तरी चालण्यासारखं. पण इंगळेकाकांना हाक चालत नाही, त्यांना उद्घोषणा लागते. एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, का उशिरा पोचली, हे विचारण्यात. आता निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. आगारातल्या गाड्या गेल्या, तेव्हा काकांनी स्वतःलाच गाडी केलं.

वय त्रेसष्ट. अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, नातवंडं खेळवतात. काकांनी गिअरची सायकल घेतली आणि एकट्यानं मेळघाटाच्या कडेकडेनं पायवाटा तुडवायला लागले. सायकल एसटीच्या टपावर टाकायची, वाहकाला "काय म्हनते ड्युटी?" विचारायचं आणि चिखलदऱ्याच्या आसपास कुठंतरी उतरून एखाद्या गावाच्या वाटेला लागायचं.

"काका, वाघ आहे तिकडं," मी एकदा म्हटलं.

"वाघाच्या घरात मी जात नाई. गावची मान्सं ज्या वाटेनं बजाराले जाते, त्याच वाटेनं मी जातो. दिवसा जातो, दिवसा येतो. अन्‌ वाघापेक्षा मले घसरनाऱ्या मुरमाचं भेव वाटते."

काका बेफिकीर होते असं मात्र कुणी समजू नये. इतकी फिकीर करणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या अंगावर रस्त्याच्या कामगारांचं असतं तसं झगमगीत जाकीट. गळ्यात वाहकाची शिट्टी. पिशवीत लाल फडकं, पट्ट्या, गूळ-शेंगदाणे, दोन लिटर पाणी. फोन दोन. एक बोटानं सरकवायचा, दुसरा बटणांचा, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा. "एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असते. दोघांची गेली तर पांडुरंग." फोन चार्ज करायची बॅटरी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, वर रबर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठिपका. निघताना ते फोनवरून मला आपलं लाइव्ह लोकेशन पाठवत. नकाशावर एक निळा ठिपका, मुंगीसारखा सरकत जायचा. तो मी अधूनमधून पाहायचा. ही नेमणूक मला विचारून झालेली नव्हती.

"मीच का?" मी विचारलं होतं. "वैशालीताईंना पाठवा ना." वैशालीताई त्यांची मुलगी. अकोल्याला असते, शाळेत शिकवते. काकू गेल्यापासून रोज संध्याकाळी फोन करते.

"तिले कायले? ठिपका थांबला का ते रडन. अन्‌ रडनारं मानूस कंट्रोलवर चालत नाई. तू थंड डोक्याचा हायेस."

मी लॅबमधली रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करतो. अमरावती आणि अकोला, दोन जिल्हे, मोटरसायकलवर. यंत्र बंद पडलं की डॉक्टर ओरडतात, मी ओरडत नाही. तेवढ्यावरून काकांनी मला थंड डोक्याचा ठरवलं.

ते खरं नव्हतं, हे पहिल्याच महिन्यात कळलं. एका रविवारी ठिपका एका जागी थांबला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तासभर. मी फोन लावला, लागेना. मी माझ्या बायकोला, मीनलला, हाक मारली. तिनं पाहिलं आणि देवापुढं निरांजन लावलं. मी ओळखीच्या ओळखीनं तिकडच्या घटांग गावातल्या एका दुकानदाराचा नंबर मिळवला, त्यानं कुणाला तरी मोटरसायकलवर पिटाळलं. काका सापडले. एका कोरकू म्हातारीच्या अंगणात बसून बिनदुधाचा चहा पीत होते.

संध्याकाळी ते थेट माझ्या दारात. सायकलही नीट लावली नाही, भिंतीला टेकवली.

"कावून मान्सं पाठवली?"

"काका, ठिपका थांबला होता!"

"ठिपका थांबला म्हंजे मी थांबलो का? रेंज थांबली! अबे, ठिपका म्हंजे मी नाई. ठिपका म्हंजे मी शेवटी कुठसा दिसलो, तेवढंच." मग त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि खुर्ची ओढून मला शिकवायला बसले. "डोंगरात रेंज नसते. तवा ठिपक्यावर भरोसा अर्धा. बाकी अर्धा कागदावर. अंदाजपंचे काही नाई."

त्या दिवसापासून कागद सुरू झाला. दर शनिवारी संध्याकाळी काका एक चिठ्ठी आणून द्यायचे. कोणत्या गावाहून निघणार, कोणती वाट, कुठं रेंज जाईल, कुठं परत येईल, किती वाजता. खाली लाल शाईत नियम. परत रेंजमध्ये यायच्या वेळेनंतर दोन तास थांबायचं. त्याच्या आधी कुणाला त्रास द्यायचा नाही. दोन तास झाले की एक मिनिटही थांबायचं नाही. पहिला फोन मोथ्याच्या जानरावभाऊंना, ते खव्याचा धंदा करतात आणि त्यांना सगळ्या वाटा माहीत. दुसरा वनरक्षकाच्या चौकीत. आणि शेवटची ओळ: "वैशालीले सापडल्यावरच सांगणे."

मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावायचो. मीनल म्हणायची, "आपल्या लग्नाची पत्रिकासुद्धा एवढ्या तपशिलाची नव्हती."

वाट ठरली की बदलायची नाही, हा काकांचा आणखी एक हट्ट. एकदा त्यांना वाटेत कुणीतरी सांगितलं, पलीकडं मोठा धबधबा आहे, अर्ध्या तासावर. काका गेले नाहीत. मी म्हटलं, "अहो, जाऊन यायचं होतं ना!" तर म्हणाले, "कागदावर नोता." पुढच्या शनिवारी चिठ्ठीत धबधबा होता.

दोनेक वर्षं असे रविवार गेले. मला त्याची सवय झाली. सकाळी उद्घोषणा, नऊच्या सुमाराला ठिपका थांबणार, साडेबाराला पुन्हा सरकणार आणि मग निरोप, "इंगळे मोथ्याला वेळेवर आले आहेत." मी भाजी निवडत, क्रिकेट पाहत तो ठिपका बघायचो. कधी विसरायचोही.

मग दिवाळीनंतरचा एक रविवार आला. हवा छान होती. मोथ्याहून खालच्या गावात उतरणारी पायवाट, तिकडून वळसा घालून परत वर. साडेबाराला मोथा. मी चिठ्ठी वाचली होती, नेहमीसारखी, म्हणजे अर्धी.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ठिपका थांबला. ठरल्याप्रमाणे.

साडेबारा झाले. निरोप नाही. एक झाला. जेवायला बसलो. मीनलनं वांग्याचं भरीत केलं होतं. मला चव लागेना.

"फोन लाव ना मोथ्याला," ती म्हणाली.

"अडीचला."

"अरे, मानूस मरून पडन तुयं अडीच होईपर्यंत!"

"दोन तास म्हणालेत ते."

माझं डोकं थंड नव्हतं, पण त्या चिठ्ठीचं होतं. मी फ्रिजपाशी खुर्ची घेऊन बसलो. दोन वाजता वैशालीताईंचा फोन आला. रविवारी दुपारी त्या कधी फोन करत नाहीत. "सतीशभाऊ, बाबांचा फोन लागत नाही. कुठं आहेत ते?"

मी फ्रिजवरच्या चिठ्ठीची शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग म्हटलं, "सायकलवर आहेत ताई. रेंज नसेल." यात खोटं काही नव्हतं.

बरोबर अडीचला मी जानरावभाऊंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"मायाजवळ बी चिठ्ठी हाये भाऊ. घड्याळाकडंच पाहून राह्यलो होतो. चार जनं घेऊन हा निंगालो."

मी मोटरसायकल काढली. मीनलनं न विचारता पाण्याची बाटली आणि शाल पिशवीत टाकली. परतवाड्यापर्यंतचा रस्ता मी हजारदा केलेला. त्या दिवशी तो संपता संपेना. प्रत्येक गावात थांबून फोन पाहत होतो. ठिपका तिथंच, नऊ वाजून दहा मिनिटांचा. परतवाड्याच्या चौकात फोन वाजला.

"सापडले," जानरावभाऊ धापा टाकत म्हणाले. "पाय मोडला. पन गडी बोलून राह्यला. लय बोलून राह्यला."

मी मोटरसायकल कडेला घेतली आणि एका उसाच्या रसाच्या गाड्याला धरून उभा राहिलो. रसवाल्यानं न मागता ग्लास पुढं केला.

मोथ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन चढ चढत होती. बाजेवर इंगळेकाका, झगमगीत जाकिटासकट, कोपरावर रेलून, पुढच्या दोघांना सांगत होते, "डाव्या अंगानं घ्या, तिकडं मुरूम हाये." पाचवा माणूस मागून सायकल ढकलत होता.

घडलं होतं ते एवढंच: नाल्याच्या उतारावर मुरूम सरकला, सायकल एका बाजूला आणि काका दुसऱ्या. घोट्यावर सूज आली, पाय टेकेना. काकांनी सरपटत जाऊन सावली धरली, पळसाच्या फांदीला लाल फडकं बांधलं, फोन बंद करून बॅटरी वाचवली, आणि दर पंधरा मिनिटांनी तीनदा शिट्टी वाजवत बसले. जानरावभाऊंना आधी शिट्टीच ऐकू आली होती.

जानरावभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या जाग्यावरून खाली सडक दिसते, भाऊ. सरकत गेले असते तर तासाभरात गाडीवर हात दाखवता आला असता. पन हे हालले नाई."

मी काकांना विचारलं, कावून नाही गेलात?

"कागदावर कोनती वाट होती?"

"ही."

"मंग? तुमी मले इथंच पाह्यले येनार. मी तिकडं गेलो असतो, अन्‌ तिकडं कोनी भेटलं नसतं तर?" मग आवाज जरा खाली करून म्हणाले, "मले मालूम होतं, अडीचले फोन जाईन."

मला दीड वाजता, दोन वाजता फोन लावावासा वाटणारा मी आठवत होतो; आणि त्याच्याही आधी, कुठल्या कुठल्या रविवारी ठिपका बघायलाच विसरलेला मी. परतवाड्याच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये काकांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. बोलत होते मुरमाबद्दल, सायकलच्या वाकलेल्या चाकाबद्दल, पण मनगट सोडलं नाही.

वैशालीताई त्याच रात्री आल्या आणि त्यांनी आम्हा दोघांना झाडलं. मला जरा जास्त. पंधरा दिवस राहिल्या, काकांना अकोल्याला चला म्हणाल्या. काका म्हणाले, "प्लास्टर निघू दे." सगळ्यांना कळलं की ते जाणार नाहीत. त्या गेल्या. शाळा होती.

मग एके सकाळी मी फोन उघडला, तर काकांचं लाइव्ह लोकेशन आलेलं. ठिपका राजापेठेत, आमच्या गल्लीत, शेवटच्या घरावर. मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं. आठ तासांनी ते आपोआप बंद झालं. दहा मिनिटांनी पुन्हा आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन दिवस मी पाहिलं. चौथ्या दिवशी मीनलनं दिलेला भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन गेलो. काका पलंगावर, पाय उशीवर, खिडकीशी.

"काका, तुमचं लोकेशन चालू राहतंय. बंद करून देऊ?"

काकांनी डब्याचं झाकण उघडलं, पिठलं पाहिलं, झाकण लावलं.

"राहू दे ना," ते म्हणाले. "तुले तरास होते का?"

"त्रास कसला? पण तुम्ही तर घरीच आहात."

"घरीच हाओ." ते खिडकीबाहेर बघत होते. "पन कोनी पाहून राह्यलं हाये म्हनलं, का बरं वाटते."

मी अजून थोडा वेळ बसलो. त्यांच्यासाठी चहा केला. साखर कुठं आहे ते त्यांनी पलंगावरून सांगितलं, डाव्या फळीवर, दुसरा डबा. अंदाजपंचे काही नाही.

सोमवारी मला अकोल्याला जायचं होतं. निघताना मोटरसायकलवर बसल्याबसल्या काय वाटलं कुणास ठाऊक, फोन काढला आणि माझं लाइव्ह लोकेशन काकांना पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. बडनेरा मागं पडलं. मूर्तिजापूरला माझी एक ठरलेली टपरी आहे. मी गाडी लावली, चहा सांगितला. पहिला घोट घेतला नसेल तोच फोन वाजला.

"मूर्तिजापूरले कावून थांबला?"

"चहा पितोय, काका."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"बरं. सांभाळून जाय."

फोन बंद झाला. टपरीवर गर्दी होती, रस्त्यावरून ट्रक जात होते. गेली सोळा वर्षं मी त्या टपरीवर थांबतोय. घरून फोन येतात, कधी येशील म्हणून. डॉक्टरांचे येतात, कधी पोचशील म्हणून. पण मूर्तिजापूरला का थांबलास, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं.

मी चहा सावकाश प्यायलो. दहाच्या जागी बारा मिनिटं झाली, तेव्हा मात्र घाईनं उठलो.